घोट्यातली रेघ

माझं वय आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त प्रत्येकाला वेगळं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी एक जून ही तारीख लिहिली, कारण पिरनवाडीतली सगळी पोरं त्यांच्या हिशेबानं एक जूनलाच जन्मलेली होती, आणि मी अंगानं थोराड म्हणून वर दोन वर्षंही चढवली. त्यामुळे शाळेच्या मते मी सोळाची होते. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मते मला अठरा पुरी झाली होती. हे मत त्यांनी माझं लग्न ठरवायला घेतलं तेव्हा बनवलं. आईचं मत कुणी विचारत नसे. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, की आपल्या विहिरीला पाणी लागलं त्या साली शाली झाली आणि आता चौदावी सुगी चाललीय. अशी मला एकाच वेळी तीन वयं होती. त्यातलं कोणतंही लावून घ्यायला मी तयार होते, फक्त त्यासाठी निपाणीला जायची माझी तयारी नव्हती.

आमचं घर बेळगावला लागून असलेल्या पिरनवाडीच्या अगदी शेवटच्या ओळीत होतं. मागच्या दारातून बाहेर पडलं की पाय थेट भाताच्या खाचरात, आणि पुढच्या दारातून उद्यमबागेतल्या कारखान्यांचा धूर दिसायचा. आप्पा तिथल्या एका फौंड्रीत साचे घालायचे आणि उरलेल्या वेळात शेती करायचे; दोन दगडांवर पाय ठेवून उभं राहणं आमच्या घराला चांगलं जमलं होतं. सकाळचा भोंगा झाला की आईच्या भाकरी थापण्याला वेग यायचा. तांदळाच्या भाकरीचा तो मऊ, ओलसर थपथप आवाज, चुलीतल्या ओल्या लाकडाची चिडचिड आणि उखळात शेंगदाण्याची चटणी कुटण्याचे ठोके, यात आमची सकाळ जायची. संध्याकाळी आप्पा परत यायचे ते कानात, भुवयांत काळी वाळू घेऊन. आप्पा चांगले उंच होते, दारातून आत येताना त्यांना मान लववावी लागायची. घरात दुसऱ्या कुणापुढं त्यांनी ती लववलेली मला आठवत नाही.

पुढच्या सोप्यात अण्णा असायचे. अण्णा म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ. त्यांनी लग्न केलं नव्हतं, तरुणपणी कुस्त्या मारल्या होत्या आणि त्याची खूण म्हणून एक कान चुरगळून घेतला होता. हाडांच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द अखेरचा, कारण त्यांची स्वतःची बरीचशी मोडून झाली होती. सीमाप्रश्नावरही त्यांचाच शब्द अखेरचा. ते कानडी बोलायचे नाहीत. फक्त म्हैस विकत घेताना बोलायचे, आणि तेव्हा अस्खलित बोलायचे.

निपाणीचं स्थळ आप्पांच्या फौंड्रीतल्या एका सोबत्यानं आणलं होतं. मुलाची आई रखमाक्का. नवऱ्याच्या मागं तंबाखूची वखार एकटीनं चालवणारी बाई; बोलायला लागली की समोरच्याला आपण वजनाला लावलोय असं वाटायचं. तिचा एकुलता मुलगा बाळू. मला बघायला आले तेव्हा बाळूला मी पाहिलं. तो वाईट नव्हता. मान खाली घालून पोहे खात होता, आणि खाऊन झाल्यावर उठून उभा राहिला तेव्हाही फारसा फरक पडला नाही. रखमाक्कांनी मला सोप्यातून परसदारापर्यंत चालायला लावलं. आमच्याकडे मुलगी बघताना हे करतातच, पायातला दोष झाकून कुणी पोरगी गळ्यात मारू नये म्हणून. मी चालले. मग त्यांनी आम्हा दोघांना देवापुढं शेजारी उभं करून नमस्कार करायला लावला आणि मागून आमच्या टाळूंवर नजर फिरवली. टाळूला टाळू लागत होती. "जुळतंय," त्या म्हणाल्या, आणि दिवाळीनंतर सुपारी फोडायचं ठरलं.

अशा ठिकाणी आत्मचरित्रांतून मुलगी म्हणते की मला खूप शिकायचं होतं. मला तसं काही नव्हतं. गणितात मी जेमतेम तरायचे आणि इतिहासाच्या तासाला झोपायचे. पुढं मी मास्तरीण झाले आणि गणितच शिकवलं, पण तो पुढचा विनोद आहे. तेव्हा मला फक्त घरी राहायचं होतं. आईच्या शेजारी निजायचं होतं, शाळेच्या लंगडीच्या संघात राहायचं होतं, आणि रखमाक्कांच्या लुगड्याला येणाऱ्या जर्द्याच्या वासानं मला ज्या शिंका आल्या होत्या त्या जन्मभर नको होत्या. एवढ्याशा कारणासाठी लग्न नको म्हणता येत नाही, हे मला कळत होतं. मी आईला एकदा म्हटलंही, "आई, मला न्हाय जायाचं." तिनं तवा पुसता पुसता नुसतं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "कुनाला जायाचं असतंय?"

आता उंच टाचांच्या चपलांविषयी. रखमाक्कांच्या नात्यातलं एक लग्न होतं आणि आम्हाला आमंत्रण आलं होतं. अठरा वर्षांची म्हणून जिला सांगितली ती पोरगी चारचौघांत तशी दिसावी, ही काळजी आप्पांना लागली. त्यांनी खडेबाजारातून माझ्यासाठी चकचकीत काळ्या, उंच टाचांच्या चपला आणल्या. आमच्या घरात तोवर कुणी टाचा उचलून चाललं नव्हतं. आईचं लुगडं नेसून, त्या चपला घालून मी अंगणात चालायचा सराव करू लागले, अण्णा सोप्यातून "ताठ चाल, ताठ!" असं कुस्ती शिकवल्यासारखं ओरडत होते. मी ताठ झाले आणि जोत्याच्या पायरीवरून उजवा पाय आत मुडपून खाली आले. कडकन काहीतरी वाजलं. ती चपलेची टाच होती हे नंतर कळलं, पण अण्णांनी तो आवाज लगेच ओळखला. "हाड गेलं," ते म्हणाले.

घोटा बघता बघता रताळ्याएवढा झाला. अण्णांनी आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून लेप घातला आणि पाय ओढून बसवायला पुढं सरसावले, तेव्हा मी असा काही गळा काढला की शेजारची माणसं धावत आली. गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी बेळगावात नेऊन फोटो काढा आणि तो हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रेला आमच्याकडे फोटोच म्हणतात, अजूनही. फोटो काढायला अण्णा मला घेऊन गेले. थंडगार टेबल, वर टांगलेलं यंत्र, आणि 'हलू नको' असं दोन भाषांत सांगणारा माणूस; आयुष्यातला माझा तो पहिला फोटो, आणि त्यात मी घोट्यापुरतीच आले. फोटो हातात पडला तेव्हा हाडांचे डॉक्टर गावाला गेलेले होते. तिथला कंपाऊंडर म्हणाला, ते सोमवारी येतील, तोवर पाय उचलून ठेवा. आणि जाता जाता म्हणाला, लहान पोरांच्या वेळी डॉक्टर चांगल्या पायाचाही फोटो मागतात ताडून बघायला, तेव्हा सवड काढून तोही काढून ठेवा. अण्णांनी त्यातलं 'लहान पोरांच्या' एवढं तिथंच सोडलं आणि बाकीचं लक्षात ठेवलं.

अशा रीतीनं फोटो आमच्या घरी आला, आणि तो वाचणारं माणूस मात्र गावाला. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो लेकीच्या मोबाइलवर आला. तिनं दोन बोटांनी मोठा केला, छोटा केला आणि खिशात टाकला. त्यात काही गंमत नाही. तो पहिला फोटो सोप्यातल्या खिडकीच्या गजांत खोचला होता, आणि मला बघायला जो येई तो आधी माझ्याकडे, मग फोटोकडे आणि नंतर फक्त फोटोकडे बघत राही. पांढरं ते हाड, काळा तो बाकीचा सगळा संसार, एवढं सगळ्यांना लगेच समजलं. आतल्या बाजूचं जाड नडगीचं हाड, बाहेरच्या बाजूचं काठीसारखं बारीक हाड, त्या दोघांच्या मध्ये अडकून बसलेला घोट्याचा ठोकळा, खाली टाच. आणि जाड हाडाच्या खालच्या टोकाशी, सांध्याच्या जरा वर, या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेली एक बारीक काळी रेघ. बारीक हाडालाही तसलीच. "हितं," अण्णा तिथं बोट ठेवून म्हणायचे, "ऊस कापावा तसं कापलंय बगा. सरळ. मी उभ्या जन्मात इतकं सरळ मोडल्यालं हाड बगितलं न्हाय." येणारे मान हलवायचे. दूधवाल्याला ती रेघ तिरपी वाटली. शाळेच्या मास्तरांना तिच्यात दोन रेघा दिसल्या. शेजारच्या एका मावशीनं फोटो उलटा धरून पाहिला आणि मग माझ्या गुडघ्यावर मायेनं हात फिरवला. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण रेघ नाही असं एकाही माणसानं म्हटलं नाही, कारण रेघ होतीच.

येणारा कुणी रिकाम्या हातानं येत नव्हता. हाड जुळावं म्हणून अंडी आली, नाचण्याचं पीठ आलं, कुणाकडून बकऱ्याच्या पायांचा रस्सा आला, आणि हाडाशी काडीचा संबंध नसलेला, बेळगावचा गोड कुंदाही आला. आई नाचण्याची आंबील करून ताकात कालवायची आणि वाटी माझ्या हातात देऊन जरा वेळ उभी राहायची. मी सुखात होते, हे सांगून टाकते. मोडक्या पायाची नवरी कुणी नेत नाही हे मला ठाऊक होतं. अण्णांच्या मते हाड धरायला तीन महिने लागणार होते, आणि अण्णांच्या शब्दावर माझा एवढा विश्वास आधी कधी बसला नव्हता.

मग चांगल्या पायाचा फोटो आला. अण्णा तो घेऊन आत आले तेव्हाच त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी पहिल्या फोटोच्या शेजारी दुसरा गजांत खोचला. तीच जाडी, तोच ठोकळा, आणि तीच रेघ. या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"ह्यो बी मोडलाय," अण्णा म्हणाले.

"त्यो कवा मोडला?" आप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तो त्यांच्या परवानगीशिवाय मोडला होता. "त्यो दुखतोय काय गं?"

"न्हाय."

"दुखत न्हाय म्हंजे जुनं हाय," अण्णांनी निकाल दिला. "जन्माचं आसंल. आत्ता कळलं बग मला, ही लंगडीत कशी काय पयली येती त्ये."

हसू नका. त्या दिवशी आमच्या घरात कुणी हसलं नाही. आईनं डोळ्यांना पदर लावला. आप्पा जोत्यावर जाऊन बसले आणि बराच वेळ त्यांनी बिडीसुद्धा पेटवली नाही. मलाही वाटायला लागलं, की चालताना डाव्या पायात काहीतरी हलतं. आयुष्यभर दोन मोडक्या पायांवर मी धावले, विहिरीच्या पायऱ्या चढले, चिंचेवर चढले, आणि कुणाला पत्ता नाही, या विचारानं मला स्वतःविषयी थोडा आदरही वाटला. पण भीती खरी होती. पहिल्या फोटोनं मला तीन महिन्यांची सुट्टी मिळाली होती. दुसऱ्यानं मी जन्माची लंगडी ठरत होते, आणि जन्मभर घरी राहायचं म्हणजे काय, हे अण्णांच्या सोप्यातल्या खाटेकडं बघून मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

बातमी निपाणीला पोचायला वेळ लागला नाही. स्थळ आणणारा आप्पांचा सोबती फोटो बघून गेला होता, आणि त्याचं पोट काही फार मोठं नव्हतं. सोमवारी सकाळीच रखमाक्का एसटीनं येऊन दारात उभ्या राहिल्या. पाणी घेतलं नाही, गूळ घेतला नाही, सरळ खिडकीपाशी गेल्या.

"दोन्ही?" त्यांनी विचारलं.

"आक्का, ऐकून तर घ्या," आप्पा म्हणाले. आप्पांना कुणाची अशी मनधरणी करताना मी कधी पाहिलं नव्हतं. "तुमी सोता चालवून बगितलासा की पोरीला. पाय मोडका आसता तर कळलं नसतं?"

"कळलं न्हाय म्हनूनच आले. मी तंबाखू घेताना बी गठ्ठा फोडून आत बगते, वरनं कवाच घेत न्हाय. हितंच चुकले."

आप्पांचा चेहरा लाल झाला. मग ते म्हणाले, "चला तर मग. आज डॉक्टर आलाय. तेच्या तोंडनंच ऐका. मोडका म्हनला तर मी हितंच विषय बंद करतो. आनि पाय चांगला हाय म्हनला तर तुमी मागं हटायचं न्हाय."

"न्हाय हटनार," रखमाक्का म्हणाल्या.

आम्ही सगळे निघालो. मी, मला दोन्हीकडून धरणारे आप्पा आणि अण्णा, मागं दोन फोटो छातीशी धरून आई, आणि सगळ्यांच्या पुढं रखमाक्का. टेम्पोत बसल्यावर मी मनातल्या मनात देवाला काय मागावं हेच मला कळेना. पाय मोडका निघाला तर जन्माची अधू, चांगला निघाला तर निपाणी. शेवटी मी काहीच मागितलं नाही. देवाला अडचणीत टाकू नये असं वाटलं.

हाडांचे डॉक्टर वयस्क, किडकिडीत आणि कानडी होते. समजावून सांगायची त्यांना भारी हौस, आणि त्यासाठी कुठलीही भाषा वापरायची त्यांची तयारी असायची. अण्णा भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभे राहिले, परकी भाषा कानावर आली तर सहन करायच्या तयारीनं. डॉक्टरांनी दोन्ही फोटो एका उजेडाच्या पेटीवर लावले. आमच्या खिडकीत जे मळकट दिसायचं ते तिथं लखलखीत उभं राहिलं, आणि ती रेघ तर इतकी ठळक झाली की आईनं "अगं बाई" म्हटलं. डॉक्टरांनी माझ्या घोट्यावर त्या रेघेच्याच जागी अंगठ्यानं दाबलं. "दुखतंय?" नाही दुखलं. जरा खाली, हाडाच्या टोकाच्या पुढं दाबलं, तेव्हा मी किंचाळले. ते खूश झाले.

"नोड्री," ते म्हणाले, म्हणजे बघा. "काय मोडलं न्हाय. ह्यो खालचा ठोकळा बघा. त्येच्या भवतीनं काळी फट दिसती न्हवं? वर, ह्या बाजूला, त्या बाजूला, सगळीकडं सारखी हाय. म्हणजे सांधा जागच्या जागी बसलाय. दोरी ताणलीय नुसती. लचक. पट्टी बांधा, पंधरा दिवसांत पळंल."

"आनि ही रेघ?" अण्णांना राहवेना. "ही मोडल्याली न्हाय म्हनता? दोन्हीकडं हाय!"

"दोन्हीकडं हाय म्हणूनच मोडलेली न्हाय." डॉक्टर हसले. "पडली एका पायावर, मग दोन्हीकडं सारखं कसं मोडंल? ही वाढीची रेघ हाय. पोर वाढत असतंय तवा हाडाच्या टोकाला कोवळं हाड असतंय. हाड वाढतंय ते तितनं. कोवळं हाड फोटोत दिसत न्हाय, म्हणून तितं काळं दिसतंय. वाढ संपली की ती रेघ भरून जाती. तुमच्या पायाचा फोटो काढला तर मिळणार न्हाय तुम्हाला ती."

अण्णांनी स्वतःच्या पायाकडं पाहिलं. आप्पांनी एक मोठा श्वास सोडला आणि रखमाक्कांकडं वळून, अख्खा आठवडा खाली गेलेली मान वर करून म्हणाले, "ऐकलासा? दोन्ही पाय चांगलं हायत."

आप्पा तिथं थांबले असते तर माझी गोष्ट निपाणीला संपली असती. पण त्यांना पक्कं करून घ्यायचं होतं. "डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "ह्या बाईंस्नी जरा नीट सांगा. लगीन ठरलंय पोरीचं."

"कुणाचं?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "हिचं? वय किती?"

"अठरा. पुरी झाली."

डॉक्टरांनी एकदा आप्पांकडं आणि एकदा पेटीकडं पाहिलं. ते रागावले नाहीत, फार तर त्यांना गंमत वाटली असावी. "अठरा न्हाय वो," ते म्हणाले. "अठराव्या वर्षी पोरीच्या घोट्यात ही रेघ राहतच न्हाय. कवाच भरती. ही बघा, इतनं तितंपर्यंत उघडी हाय. तेरा म्हणा. लई तर चौदा. लेकरू हाय अजून. तुम्ही तोंडानं काय बी सांगा, हाडाला सांगता येत न्हाय."

आप्पा छताकडं बघत होते. आईनं मान खाली घातली होती, पण मी तिच्याकडंच बघत होते म्हणून मला दिसलं, तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. मला वाटलं, संपलं. आता रखमाक्का आप्पांना खोटारडे म्हणणार, आणि सगळं बेळगाव ऐकणार. मला आप्पांची कीव आली, त्यांचा राग आला, आणि माझ्या घोट्याचा एवढा अभिमान वाटला की विचारू नका. पण रखमाक्कांचं लक्ष वयाकडं नव्हतंच.

"वाढीची रेघ म्हनलासा," त्यांनी डॉक्टरांना विचारलं. "म्हंजे ही अजून वाढनार?"

"वाढणार की."

"उंचीनं?"

"उंचीनंच. बाप चांगला उंच हाय. त्याच्या खांद्याच्या वर जाईल बघा."

रखमाक्कांनी आप्पांच्या खांद्याकडं पाहिलं. मग हवेत एका ठिकाणी, साधारण बाळूची टाळू जिथं येत असेल तिथं नजर लावली. पुन्हा खांद्याकडं पाहिलं. वखारीत उभ्या राहून मालाचा अंदाज घेताना त्या अशाच दिसत असतील. "पोरगी चांगली हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "पाय बी चांगलं हायत. वयाचं काय, आप्पासाब, वय सगळीच सांगत्यात, मी बी बाळूचं दोन वर्सं कमीच सांगितल्यात. त्येचं मला काय न्हाय. पन वय झाकता येतं. उंची कशी झाकनार? चार पोरं मागनं हसतील माझ्या लेकराला." आणि माझ्या गालावरून हात फिरवून त्यांनी कडाकडा बोटं मोडली. लग्न मोडतानाही त्यांनी माझी दृष्ट काढली. मला पुन्हा शिंका आल्या.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. आप्पांच्या बाबतीत दोन्ही एकदमच झालं. पाय धडधाकट आहेत हे पटवायला ते ज्या रखमाक्कांना घेऊन गेले, त्यांनी ते मान्य केलं आणि त्याच पायांसाठी नाही म्हटलं. पुढं कित्येक वर्षं लोक मला विचारत, की तुझं लग्न तेव्हा कशानं मोडलं. कायद्यानं, की शाळेच्या बाईंनी समजावलं, की आईनं विरोध केला? माझ्या विद्यार्थिनींना यातलं काहीतरी सांगावं असं मलाही वाटायचं. पण एका आईला आपल्या मुलाची टाळू वर ठेवायची होती, एवढंच त्यामागचं कारण. आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांचा तो भाग चुकलाच. मी त्यानंतर जेमतेम बोटभर वाढले. आप्पांचा खांदा मला कधीच गाठता आला नाही. बाळू मला खूप वर्षांनी निपाणीत एका बारशाला भेटला. त्याची बायको त्याच्याहून वीतभर उंच होती, आणि तो तिच्याकडं मान वर करून बघत होता तेव्हा सुखी दिसत होता. रखमाक्कांना काय वाटलं असेल ते विचारायला त्या राहिल्या नव्हत्या.

त्या दिवशी आम्ही परत आलो. टेम्पोत अण्णा एकदाच बोलले. "कानडी हाय, पन हाडातलं कळतंय त्येला," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे ते पुष्कळ होतं. आप्पा मला जोत्यावर बसवून वाळलेल्या खाचराच्या बांधावर जाऊन उभे राहिले. मी त्यांना हाक मारली नाही. ते मला दुष्ट कधीच वाटले नाहीत, तेव्हाही नाही. आजूबाजूचे सगळे बाप करत होते तेच ते करत होते, आणि जरा जास्त काळजीनं. चपला तेवढ्या नको होत्या.

दुपारी घर शांत झालं. अण्णा घोरत होते. आईनं माझ्या घोट्याला डॉक्टरांनी दाखवली तशी पट्टी बांधली, माझ्या हातात ताकाची वाटी दिली, आणि मग ते दोन फोटो उचलून खिडकीपाशी गेली. इतके दिवस घरात येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकानं ते उजेडात धरून पाहिले होते. तिला मी ते बघताना पाहिलंच नव्हतं. तिनं एक फोटो दोन्ही हातांनी धरला, अगदी डोळ्यांजवळ नेला आणि त्या रेघेवरून नखानं हळूच, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक ओळ ओढली.

"शाले," ती म्हणाली, "ही रेघ समद्याच पोरींस्नी असती म्हनला न्हवं डॉक्टर?"

"व्हय."

"तुझ्याएवढ्या असल्यावर?"

"व्हय गं. का?"

तिनं नख पुन्हा रेघेच्या सुरुवातीला नेलं. बाहेर उन्हात कुणाची तरी म्हैस हंबरली. आई कितव्या वर्षी या घरात आली हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. आई ही आईच असते, तिला वय असेल असं चौदाव्या वर्षी कुणाच्या मनात येत नाही. ते आता माझ्या मनात आलं, आणि वाटी माझ्या हातात तशीच राहिली. मला रडू फुटलं. लग्न ठरलं तेव्हा, पाय मुरगळला तेव्हाही मी अशी रडले नव्हते.

"रडतीस कशाला?" ती फोटो पुन्हा गजांत खोचत म्हणाली. "माझ्या बी पायात असंल की तवा. कुनी फोटू काढला न्हाय, एवढंच."